विमानतळ आपल्या जिल्ह्यात आला, पुढे?

मंडळी, परवा रोह्याच्या भाच्याला सोडायला नव्या विमानतळावर गेलो होतो. पोरगा धाटाव एमआयडीसीत नोकरीला, बंगळूरला मुलाखत. पूर्वी सांताक्रूझ गाठायचं म्हणजे आदल्या रात्री मुंबईत कोणाकडे तरी मुक्काम. आता तो रात्री पेणला आमच्याकडे आला, सकाळी चहा घेऊन निघालो. खारपाडा, कर्नाळा, पळस्पे... पोचलोसुद्धा.

टर्मिनल देखणं आहे, खोटं कशाला बोला. ११६० हेक्टरचा पसारा, ३७०० मीटरची धावपट्टी. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी, सगळे टप्पे झाले की ९ कोटी. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली.

भाचा आत गेला आणि मी बाहेर डोंगर शोधत बसलो. उलव्याचा डोंगर. तो कापला, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठली. वाघिवली, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर... सांगायला गेलो तर भाचा म्हणाला होता, "मामा, ही गावं कुठे आली?" त्या लोकांना साडेबावीस टक्के विकसित जमीन कबूल झाली. त्यामागे १९८४चं जासई आहे. तिथे गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं सूत्र आलं. दि. बां.च्या नावासाठी २०२१ला माणसं रस्त्यावर उतरली, ती उगाच नाही.

आता आपलं बोलू. उरण, पनवेल आणि आपल्या पेणमधली मिळून १२४ गावं नवनगराच्या नकाशात आहेत. 'तिसरी मुंबई' म्हणतात ती हीच. सप्टेंबर २००८मध्ये हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सेझवर मतदान केलं, तेव्हा मी वही घेऊन केंद्राबाहेर उभा होतो. म्हाताऱ्या बायका काठी टेकत आल्या होत्या. मागणी साधी होती, धरणाचं पाणी आमच्या शेताला द्या. सेझ पुढे बारगळला. हेटवण्याचं पाणी मात्र नवी मुंबईच्या नळाला जातं.

विमानतळाला माझा विरोध नाही. भाच्याला नोकरी लागली तर मीच पेढे वाटेन. पण जासईच्या लोकांना निदान समोर सिडको दिसत होती. आपल्याकडे आधी एजंट येतो.

परतताना खारपाड्याला वडापाव खायला थांबलो. शेजारच्या टेबलावर दोघं मोबाईलवर गट नंबर वाचत होते. एकाने विचारलं, "दादा, इथलेच का? कोणाची जागा आहे का बघण्यात?"

तुमच्याकडेही अशी विचारणा होते का? झाली असेल तर सही करण्याआधी गावाचं नाव कमेंटमध्ये टाका. यादी करतोय.