पाच वर्षांचा नवशिका

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही! ही म्हण आपण थट्टेवारी नेतो; पण माझा पुतण्या गेले वर्षभर ती भोगतो आहे. तो सायबर सुरक्षा शिकला, म्हणजे संगणकांवर पडणाऱ्या दरोड्यांवर पहारा ठेवण्याची विद्या. परवा त्याने मला एक जाहिरात दाखवली. जागा नवख्याची, पगार नवख्याचा, आणि पात्रता? 'सीआयएसएसपी' प्रमाणपत्र!

आता या प्रमाणपत्राची गंमत ऐका. 'आयएससी-टू' नावाची संस्था ते देते. नुसती परीक्षा पुरत नाही. याच कामाचा ५ वर्षांचा अनुभव लागतो. योग्य पदवी असली तर १ वर्षाची सूट. अनुभवावाचून पास झालेल्याला संस्था 'असोसिएट' म्हणते, आणि अनुभव मिळवायला ६ वर्षे देते. म्हणजे माणूस आधी नवशिका असतो, हे परीक्षा घेणारे जाणतात. नोकरी देणारे तेवढे विसरतात.

मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार दाराशी उभा राही. कुणी गैरहजर असला की त्याला साचा मिळे, आणि साच्यावरच त्याचा हात बसे. ती रीत सुखाची नव्हती. पण आत जायची वाट तरी होती.

पुतण्या सध्या मोबाइलच्या दुकानात बसतो. दरोडे काही थांबलेले नाहीत. आणि पहारेकरी मिळत नाहीत, अशी तक्रार साहेबलोकच करतात. त्यांना एकच विचारावेसे वाटते: साहेब, तुमची पहिली नोकरी तुम्हांला कोणत्या अनुभवावर मिळाली हो?