ताशी भाड्याची सायकल

घरच्या सायकलीचे सारे दोष आपल्याला पाठ असतात, आणि पाठ असल्यामुळेच ते दोष वाटत नाहीत. डावा ब्रेक किंचित उशिरा लागतो हे आपल्या हाताला कळलेले असते. भाड्याच्या सायकलीचे तसे नाही. तासाभराची ओळख, आणि तेवढ्यात तिच्यावर जीव टाकायचा! म्हणून ती निवडणे ही एक विद्याच आहे. सायकल शिकणारा पोर रंग पाहतो. शिकलेला माणूस ब्रेक पाहतो. मुरलेला माणूस मात्र आधी रस्ता पाहतो आणि मग सायकलीकडे वळतो.

आमच्या रत्नागिरीत हे फारच खरे. इथे सपाट रस्ता म्हणजे अपवाद. बाजारपेठ नि मांडवी खाली समुद्राशी; माळनाका, थिबा राजवाडा वर जांभ्या दगडाच्या सड्यावर. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1916 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्या राजवाड्यात राहिला. आम्हां पोरांना मात्र राजवाड्यापेक्षा तिथून खाली येणारा उतार अधिक प्रिय!

चढाचे गणित सोपे आहे. सायकलीच्या पुढच्या चक्राला 44 दात नि मागच्याला 18 असले, आणि चाक 28 इंची असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 18 फूट पुढे जाते. सपाटीवर हे सुख, चढावर शिक्षा. पण चढाला उपाय असतो : खाली उतरावे आणि सायकल हाती धरून चालावे. उताराला उपाय एकच, तो म्हणजे ब्रेक.

1968 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या बहिणीने राजवाड्यापर्यंत सायकलने जायचा हट्ट धरला. तिचे वय तेरा, मी कॉलेजात. आईने परवानगी दिली, पण माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवते आहे हो. जशी नेतोस तशी परत आण."

दुकानदाराने लालचुटुक सायकल पुढे केली. "ही घ्या, कालच रंग दिलाय." बहीण तर तिच्या हॅन्डलला चिकटलीच. मी खाली वाकून पाहिले. रंगाचा हात चाकाच्या रिमवरही फिरलेला! त्या सायकलींच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबले जाई. तिथे रंग असला की रबर घसरणारच. कोपऱ्यात एक काळी सायकल होती. मडगार्डला पोचे, सीटला ठिगळ. पण रिमवर रबर घासते तेवढा पट्टा आरशासारखा लखलखत होता. ब्रेक रोज लागतो याची ती पावतीच.

मग बाकीची परीक्षा. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हॅन्डल पिळून पाहिले. मागचे चाक उचलून फिरवले, डुलत नव्हते. पेडल आडवे हलवून पाहिले. कॉटर पिन पक्की होती. टायर अंगठ्याने दाबला. (हा हवेचा टायर बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केला आणि 1888 साली त्याचे पेटंट घेतले. काळजी तिथेही घरच्या पोराचीच!) शेवटी ब्रेक आवळून सायकल ढकलली. ती जागची हलेना. शिवाय चेनकव्हर शाबूत होते. परकर नेसलेल्या मुलीला ते घंटीपेक्षा मोलाचे.

"दादा, ही म्हातारी मला नको! मैत्रिणी हसतील."

"हसू देत. तू बस."

वर जाताना निम्मे अंतर आम्ही चाललोच. परतताना मात्र अवकाळी सर आली. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक निम्म्यानेही लागत नाही. पहिले काही फेरे रबर नुसते पाणीच पुसते. "आतापासूनच हळूहळू दाबत चल," मी मागून सांगत होतो. वळण संपते तोच समोर आडवी बैलगाडी! माझा श्वास अडकला. काळी म्हातारी कुरकुरली, घासली, आणि गाडीच्या चाकापासून दोन हात अलीकडे उभी राहिली. बहिणीचा एक पाय जमिनीवर, परकर चिखलाने भरलेला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी नको सांगूस." मी सांगितले नाही.

ताशी सायकलींची तसली दुकाने आता फारशी दिसत नाहीत. सुट्टीत आलेली पाहुणेमंडळी भाड्याने स्कूटर घेतात. माझा नातू परवा तसाच निघाला, तेव्हा मी चष्मा लावून अंगणात गेलो. आधी विचारले, "जाणार कुठे?" मग ब्रेक, मग टायर. तो हसला, पण थांबला.

एक गोष्ट त्याला शिकवायची राहिली होती, तीही सांगितली. भाड्याचे वाहन परत करताना आधी त्याचे दुखणे मालकाच्या कानावर घालावे, मग पैसे द्यावेत. आपल्यामागून ते घेणारा कुणाच्या तरी भरवशावर घरून निघालेला असतो.