डाळिंबाला साडी, गाडीला फिल्म!

लालभडक स्पोर्ट्स कार, पुढे खडीचा डंपर आणि वाट सांगोल्याची... एका वीकेंडची गोष्ट.

टक्क!

आवाज एवढाच. कुणी टिचकी मारावी तसा. पण माझ्या शेजारी स्टिअरिंगवर बसलेल्या मित्राचा चेहरा असा झाला, की जणू दगड गाडीला नाही, त्याच्या कपाळाला लागलाय. पुणे-सोलापूर हायवे, सकाळचे साडेसात, इंदापूर जवळ आलेलं. पुढे खडी भरलेला डंपर, त्यावर ताडपत्री नावापुरती. आणि मागे आम्ही, लालभडक ऑडी टीटीमध्ये.

गाडी अर्थातच माझी नाही. फ्रीलान्स जर्नालिस्टला असली गाडी फक्त आतून बघायला मिळते, तीही मित्राच्या कृपेने! या मित्राला आपण हिरो म्हणू. हिरो हिंजवडीत आयटीत आहे आणि मूळचा सांगोल्याचा. दीड वर्षापूर्वी त्याने ही सेकंडहॅण्ड टीटी घेतली. तेव्हापासून लोणावळा झालं, महाबळेश्वर झालं, गोवासुद्धा झालं. फक्त एक ठिकाण राहिलं होतं. घर! कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, 'अरे, डांबरी रस्त्यापासून आमच्या वस्तीपर्यंत पाऊण किलोमीटर खडी आहे. रंगाची वाट लागेल.'

दर रविवारी त्याचे वडील फोनवर विचारायचे, गाडी कधी आणतोस? आणि दर रविवारी हा म्हणायचा, पुढच्या महिन्यात. शेवटी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी त्याला पहाटे साडेपाचला उठवलं. म्हटलं, चल. मलाही एक स्टोरी हवीय.

दोन केसांएवढा रंग

तुम्ही म्हणाल, एका खड्याचं एवढं काय टेन्शन? मलाही तसंच वाटायचं. पण टेंभुर्णीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा हिरोने मला जे लेक्चर दिलं, त्यानंतर मी माझ्या साध्या हॅचबॅककडेही वेगळ्या नजरेने बघायला लागलोय.

गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे लाखोंच्या गाडीचा तो चकाचक रंग जेमतेम दोन केसांएवढा जाड! खडा लागला की आधी क्लिअर कोटचा टवका उडतो, जोरात लागला तर थेट प्रायमर दिसतो. आणि पत्रा स्टीलचा असेल आणि तो उघडा पडला, तर पहिल्या पावसाळ्यात गंज हजर.

स्पोर्ट्स कारला हा त्रास जास्त. एक तर नाक जमिनीला टेकलेलं. पुढच्या गाडीच्या टायरमधून खडा उडतो तो नेमका त्याच उंचीवर. दुसरं म्हणजे टायर रुंद आणि मऊ रबराचे. रस्त्यावरची बारीक खडी ते उचलतात आणि स्वतःच्याच दाराखालच्या पट्टीवर, मागच्या चाकाच्या कमानीवर मारतात. म्हणजे शत्रू घरातलाच!

यावर उपाय म्हणून पूर्वी परदेशात गाडीच्या नाकावर काळ्या रेक्झिनचं एक आवरण चढवायचे. त्याला चक्क 'कार ब्रा' म्हणायचे. (हसू नका, खरंच!) पण त्याच्याखाली धूळ आणि ओल अडकायची आणि घासून घासून रंग आणखी खराब व्हायचा. आता जमाना पीपीएफचा, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मचा. या फिल्मचा जन्म गाड्यांसाठी झालेला नाही बरं का. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळूने आणि खड्यांनी झिजू नयेत म्हणून अशी फिल्म वापरात आली. आज ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते, १५० ते २०० मायक्रॉन जाड. म्हणजे रंगाच्या सगळ्या थरांपेक्षा जाड. खडा लागला की ती दबते, मार स्वतःमध्ये पसरवते आणि खालचा रंग वाचतो. बारीक ओरखडे तर उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने आपोआप बुजतात.

हिरोने 'फुल फ्रंट' केलं होतं. बॉनेट, बंपर, पुढचे मडगार्ड, आरसे. पूर्ण गाडीचा खर्च लाखाच्या पुढे जातो, म्हणून छप्पर सोडलं. आणि डंपरचा तो खडा लागला कुठे? बरोबर. काचेच्या वर, छपराच्या कडेला. शेंगदाण्याच्या टरफलाएवढा टवका!

काय झाडी, काय डोंगार...

पंढरपूर ओलांडलं की तीसेक किलोमीटरवर सांगोला. २०२२ मध्ये इथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीतून केलेलं 'काय झाडी, काय डोंगार' सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर वाजलं, ते आठवतंय ना? आता इथे आल्यावर कळतं, की माणसाला झाडी बघून एवढा आनंद का झाला असेल. हा माणदेशाचा पट्टा. पाऊस कमी, माण नदी बहुतेक वेळ कोरडी, माळरान मोकळं. आणि याच मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना ११ वेळा विधानसभेत पाठवलं. २०२१ मध्ये ते गेले. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांच्या गोष्टी इथे अजून सांगतात. अशा गावात ऑडी घेऊन शिरायचं म्हणजे जरा ओशाळल्यासारखं होतंच!

पण सांगोल्याची खरी शान डाळिंब. करोनाच्या वर्षात, २८ डिसेंबर २०२० ला, देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. पुढच्या एक-दोन वर्षांत मात्र खोडाला भोकं पाडणाऱ्या किडीने आणि मर रोगाने इथल्या बागाच्या बागा गेल्या. हिरोच्या घरची जुनी बागही त्यात गेली. मुळासकट उपटून पेटवून दिली, असं तो सांगत होता तेव्हा आवाज एकदम सपाट झाला होता. आता आहे ती नवीन लागवड.

डांबरी रस्ता संपला तिथे हिरोने गाडी लिंबाखाली लावली. 'इथून चालत जाऊ.' तेवढ्यात समोरून मोटरसायकलवर अण्णा आले. डोक्याला टोपी, पायजमा गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला.

'या पावणं! आरं, गाडी हितं का लावली? घरापातूर आण की.'

'अण्णा, खडी आहे. लागते गाडीला.'

'कुटं हाय खडी? दोन दिस झालं येचतोय मी. चाकोरी बघ की.'

आम्ही पाहिलं. पाऊण किलोमीटरच्या त्या रस्त्यावर दोन चाकांच्या दोन पट्ट्या स्वच्छ होत्या. वेचलेली खडी कडेला ओळीने पडलेली. साठीचा माणूस दोन दिवस वाकून रस्त्यावरचे खडे गोळा करत होता, कारण पोराच्या गाडीचा रंग जाईल!

हिरो काही बोलला नाही. गाडीत बसला आणि पहिल्या गिअरमध्ये निघाला. मीटरवर जेमतेम १०चा आकडा. तेव्हा माझ्या डोक्यात शाळेतलं फिजिक्स चमकलं. खड्याचा मार वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट तर मार चौपट. म्हणजे ताशी १०० ला जो खडा लागतो, तो १० ला लागला तर मार शंभरावा हिस्सा! ज्या घरच्या वाटेला हा दीड वर्ष घाबरला, तिथे रंगाला धोका जवळजवळ नव्हताच. सांभाळायचं होतं ते गाडीचं पोट. खरा धोका त्या गुळगुळीत हायवेवर होता, जिथे हा बिनधास्त पळवतो.

घरी काकी ताट घेऊन उभ्याच. बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं उठली. नारळ फुटला तो चाकाजवळच, आणि करवंटीचा तुकडा दाराला घासून गेला. मी हळूच हिरोकडे बघितलं. हळदीचा डाग फिल्मवर राहतो, हे त्यानेच मला सकाळी सांगितलं होतं. पठ्ठ्या हसत होता!

डागी फळ घरात

जेवण करून बागेत गेलो आणि मी बघतच राहिलो. अख्ख्या बागेने साड्या नेसलेल्या! गुलाबी, मोरपंखी, पिवळ्या, फुलाफुलांच्या. जुन्या साड्या विकत आणायच्या आणि झाडांच्या ओळींवर पांघरायच्या, हा इकडचा फंडा. कारण फळावर थेट ऊन पडलं की सालीवर तपकिरी चट्टा येतो. फुलकिडे कोवळी साल खरवडतात आणि तो ओरखडा फळाबरोबर मोठा होतो. वाऱ्याने फांदीचा काटा घासला तरी डाग. आणि डाग म्हणजे भाव पडला. बाजारात आधी बघतात ती साल.

मी अण्णांना गाडीवरच्या फिल्मबद्दल सांगितलं. नखाने बॉनेटच्या कडेला तिची किनार चाचपून बघितलेली होतीच त्यांनी.

'म्हंजी आमच्या डाळिंबाला साडी, तसं तुमच्या गाडीला पिलास्टिक. ब्येस हाय. पर आमी तोडणीला साडी काढतो. तू हे कवा काढणार?'

'काही वर्षांनी बदलायची. नाहीतर गाडी विकताना,' हिरो म्हणाला.

'मंग चांगला रंग घेणाऱ्यालाच की. तू काय बघणार?'

एवढं बोलून त्यांनी एका झाडाखालून सालीवर मोठा चट्टा असलेलं एक डाळिंब उचललं, विळ्याने चिरलं आणि आमच्या हातावर दाणे ठेवले. लालबुंद, गोड. 'डागी फळ घरात, चकाचक गिऱ्हाइकाला. आत समदं सारकंच.'

अण्णा साड्या बांधतात त्यात त्यांचं वर्षाचं गणित आहे. हिरोची फिल्मही वाया गेलेली नाही. परतल्यावर गाडी धुतली तेव्हा बॉनेटवर फिल्मला तीन खड्डे होते, खाली रंग शाबूत. पण साडी बांधली म्हणून अण्णांनी बागेत जायचं सोडलं नाही. हिरोने मात्र रंग वाचवायला घरच सोडलं होतं. हे त्याला मी सांगितलं नाही, गरज नव्हती.

निघण्याआधी एवढं कराच

• पुढच्या ट्रकपासून किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ताशी ९० ला ते ७५ मीटर होतं. खडी-वाळूचा डंपर किंवा उसाची ट्रॉली असेल तर आणखी मागे राहा, किंवा मोकळी जागा बघून झटकन पुढे जा. मागे रेंगाळू नका.

• नवीन डांबर आणि मोकळी खडी दिसली की वेग कमी करा. यापेक्षा स्वस्त उपाय नाही!

• सिरॅमिक कोटिंगने चमक येते, धुणं सोपं होतं. पण ते खड्यापासून वाचवत नाही. त्यासाठी फिल्मच लागते.

• बजेट कमी आहे? निदान बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे आणि दाराखालची पट्टी तरी झाका. छपराची कडही विसरू नका. हिरोला विचारा!

• टवका उडालाच तर पावसाळ्याची वाट बघू नका. जागा स्वच्छ करून वाळवा, गंज असेल तर तो काढा, मग टचअप रंगाचे पातळ थर द्या. रंगाचा कोड गाडीवरच्याच स्टिकरवर असतो. दाराच्या चौकटीत किंवा डिकीत शोधा.

रविवारचा बाजार

रविवारी सांगोल्याचा जनावरांचा बाजार. पांढरीशुभ्र खिलार, मागे वळलेली लांब शिंगं, रुमालाखाली बोटांनी चाललेला सौदा. एकदा तरी बघाच. अण्णांना तिथे जायचं होतं. दर वेळी मोटरसायकलवर जातात. हिरोने टीटीचं दार उघडून धरलं.

अण्णा दोनदा टोपी काढून, वाकून आत बसले. बाजारापर्यंतच्या रस्त्यात काय बोलणं झालं मला माहीत नाही. कारण टीटीच्या मागच्या सीटवर माणूस मावत नाही आणि मी अण्णांची मोटरसायकल घेऊन मागे होतो. बाजारात मात्र अण्णा एका खिलार बैलाच्या मानेवरचा जुवाचा घट्टा दाखवून म्हणाले, 'ह्यो काम केलेला बैल हाय. खूण हाय बघा.' हिरोने बैलाकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या गाडीच्या छपराकडे.

पुढच्या शनिवारी त्याने टचअप केलं. जवळून बघितलं तर डाग दिसतो. छपराच्या कडेला फिल्मही लावून घेतली. आणि मार्चमधली सुट्टी टाकलीय. तोडणी आहे म्हणे, साड्या काढायच्यात.

मी? मी त्या दिवशी बाजाराच्या वाटेवर टीटीच्या रुंद टायरमधून उडालेला एक खडा गुडघ्यावर खाल्ला. तीन सेकंदांचं अंतर मोटरसायकललाही लागू होतं, मंडळी!