डोमकळी

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या फुलाला कोणी मान देत नाही. ते देवाला वाहत नाहीत, वेणीत माळत नाहीत, त्याला वासही नाही. तरी घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात श्रावण लागला की घराघरात बोलणं असतं ते याच फुलाचं. मी लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्या आबाजींना विचारलं होतं, हे फूल देवाला का चालत नाही? ते म्हणाले, "देवाले फूल एक दिस पुरते. याची वात होते, ते रोज लागते. म्हनून देव थांबला हाय."

आबाजी जन्मभर कापूस पिकवत आले. त्यांचं सगळं शहाणपण हसत सांगितलेलं असायचं, आणि बहुतेक फुलांवरून माणसावर यायचं. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी सकाळी दुधावरच्या सायीसारखं पांढरट उमलतं, संध्याकाळी त्यावर गुलाबी झाक चढते, दुसऱ्या दिवशी ते पार लाल होऊन मिटतं आणि मग सुकून गळतं. मागे राहतं बोरापेक्षाही लहान हिरवं बोंड. आबाजी बांधावर बसून त्या लाल फुलाकडे बोट दाखवायचे. "पाह्य, एक दिस लोकाईनं पाह्यलं तं दुसऱ्या दिशी लाजून लाल झालं. माणूस जलमभर चुकते, एकडाव लाल होत नाई."

पोळ्याच्या सुमारास शेत फुलांनी भरलं की गावात एक रोग यायचा, हिशोबाचा. एका झाडाला इतकी फुलं, एकरात इतकी झाडं, म्हणजे इतके क्विंटल. एकाने तेवढ्या भरवशावर मोटारसायकल उचलली होती. आबाजींनी त्याला घरी बोलावून चहा पाजला आणि विचारलं, "लेका, गाडीत पेट्रोल टाकतं का फुलं?" तो हसला, पण आबाजींनी त्याला पुढे जे सांगितलं ते मी आजही प्रत्येक नव्या शेतकऱ्याला सांगतो. पऱ्हाटी जितक्या पात्या (कोवळ्या कळ्या), फुलं धरते, त्यातली निम्म्याहून जास्त ती आपणहून गाळते. झाडाला जेवढं पोसवतं तेवढंच ते ठेवतं. आभाळ चार दिवस भरून राहिलं, रानात पाणी साचलं, की पातेगळ वाढते. माणूस मात्र खाली पडलेली पाती पाहतो आणि धावत कृषी केंद्रात जातो. तिथून टॉनिक येतं, औषध येतं, उधारीही येते. "झाड आपला संसार आवरते," आबाजी म्हणायचे, "अन् आपुन त्याले दवाखान्यात नेतो."

पण ज्या फुलासाठी हा लेख लिहायला बसलो ते वेगळं आहे. ते उमलतच नाही. पाकळ्या एकमेकींत पीळ घालून टोकाशी चिकटलेल्या, जशी गुलाबाची कळी. आमच्याकडे तिला डोमकळी म्हणतात. शहरातून आलेले पाहुणे तिचे फोटो काढतात, इतकी ती देखणी दिसते. ती हळूच सोलली की आत रेशमासारखे बारीक धागे, परागाचा पिवळा भुसा, आणि त्यात काळसर डोक्याची, तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी अळी. हीच पुढे गुलाबी होते. गुलाबी बोंडअळी. पुढच्या पिढीची अळी बोंडात शिरली की तिच्या मागे भोक बुजतं, बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं, आणि मग कोणतंही औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

आबाजी माणसांनाही हे नाव द्यायचे. सोयरीक जुळवायला निघालेल्या काकांना त्यांनी एका घराबद्दल एवढंच सांगितलं होतं, "पोरगा गोड दिसते, पन डोमकळी हाय. सोलून पाह्य, मंग हो म्हन."

देशात बोंडअळीला मारणारा बीटी कापूस 2002 साली आला आणि 2006 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, बॉलगार्ड-2. सुरुवातीची वर्षं चांगली गेली, ते नाकारण्यात अर्थ नाही. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचं एक लहान पाकीट यायचं, बिगर-बीटी बियाण्याचं. ते कडेने पेरायचं होतं. त्या ओळींवर वाढलेले साधे पतंग बीटी पचवून जगलेल्या पतंगांशी जुळले, तर पुढच्या पिढीत बीटी पचवण्याची ताकद पसरायला वेळ लागतो. गावात ते पाकीट फारसं कोणी पेरलं नाही. आमच्याकडे ते गोठ्याच्या आढ्याला लटकून राहिलं. आबाजींनी ते खाली काढायला लावलं आणि म्हणाले, "पाहुन्याचं ताट येगळं वाढा. नाई वाढलं तं तो तुमच्या ताटात जेवन." मी तेव्हा ऐकलं नाही. कडेच्या पाच ओळी वाया जातील असं मला वाटलं होतं.

2017 सालच्या हंगामात आबाजी नव्हते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, दाट. तिच्यात औषधं फवारताना विषबाधा होऊन आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आणि नंतर बोंडअळी आली. माझ्या रानात सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी झाली ती बरी होती. दुसऱ्या वेचणीला बाया ओट्यातला कापूस दाखवायला लागल्या. पिवळा, चिकटलेला, निव्वळ कवडी. मी एकामागून एक वीस हिरवी बोंडं फोडली. ऑगस्टमध्ये त्याच तासांतून मी रोज फिरलो होतो, डोमकळ्या दिसल्याही होत्या, आणि मी एकही सोलली नव्हती. फुलं मात्र मोजली होती.

त्यानंतर मी शिकलो ते निम्मं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या पत्रकांतून आणि निम्मं आबाजींच्या आठवणीतून. एकरी दोन कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या निघाल्या, तरच फवारणीचा विचार. त्याच्या आत हाताने डोमकळ्या तोडून नष्ट करतो. फरदड, म्हणजे हंगामानंतर लांबवलेलं पीक, घेत नाही. पाणी आहे म्हणून डिसेंबरनंतर तीच पऱ्हाटी फुलवत ठेवली, तर अळीला बारमाही जेवण मिळतं. आबाजींच्या काळी हा प्रश्न असा नव्हता, पण शेत वेळेत मोकळं करण्यावर त्यांचा कटाक्ष होता. "लगन झालं, मांडव काढा," ते म्हणायचे. "मांडव उभा ठेवला तं पाहुने जातीन काहून?" वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीगही घराशी वर्षभर रचून ठेवू नयेत, अळी त्यांतल्या किडक्या बोंडांत झोपून राहते आणि पावसाळ्यात पतंग होऊन शेजारच्याच रानात जाते.

यंदा पेरणीला पंचेचाळीस दिवस झाले की सकाळी लवकर रानात जा. फुलं नुकती उमललेली असतात, तेव्हा न उमललेली चटकन ओळखू येतात. पाच ठिकाणची वीस-वीस फुलं बघा. डोमकळी दिसली तर फोटो काढू नका, सोला. आणि घरातल्या दहा वर्षांच्या पोराला सोबत न्या.