केदारकांठ्याची रात्र

उत्तराखंडातील सांकरी गावाहून केदारकांठ्याची वाट पाइनच्या झाडीतून चढते. जुडा का तालाब या तळ्याकाठी मुक्काम कराल, तेव्हा दुपारच्या उन्हाने फसू नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य कलताच पारा शून्याखाली उतरतो. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना ही थंडी परकीच.

म्हणून निघण्यापूर्वी स्लीपिंग बॅगवरील तापमाने वाचा. ‘कम्फर्ट’ म्हणजे सर्वसाधारण स्त्रीला निवांत झोप लागेल ते. ‘लिमिट’ म्हणजे पुरुष अंग मुडपून निभावेल ते. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा निद्रेचा नव्हेच! त्या थंडीत जीव कदाचित तगेल, पण शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घसरू शकते. माझा आग्रह कम्फर्टचा. घरातील ज्येष्ठांसाठी तर त्याहूनही उबदार बॅग घ्यावी.

पिसांची बॅग हलकी असते, मात्र भिजली की तिची ऊब जाते. शिवाय अंगाखाली पिसे दबतात आणि जमीन उष्णता शोषून घेते. वजन वाचवण्यासाठी मॅट मात्र घरी ठेवू नका.

रात्री सोबती थरथरत अडखळत बोलू लागला, तर थकवा समजून सोडून देऊ नका. त्याचे ओले कपडे बदला, शुद्धीवर असल्यास गरम, गोड पेय द्या आणि वाटाड्याला तत्काळ उठवा.