एक मिलिमीटरची जागा

वस्तु बिघडली तर दुरुस्त करावी, दुरुस्त होत नसेल तर टाकून द्यावी, हे दोनच मार्ग आपल्या घरांतून सामान्यतः ठाऊक असतात. परंतु याशिवाय एक तिसराहि मार्ग आहे. ज्या दोन वस्तु एकमेकींसाठीं कधीं घडविल्याच नव्हत्या, त्यांच्यामध्यें एक लहानसा दुवा घालून त्यांना एकत्र नांदवावयाचें, हा तो मार्ग होय. कॅमेऱ्याच्या छंदापायीं मला त्याची गोडी लागली. तिचीच हकीकत वाचकांस सांगावी म्हणतों.

ज्यास इंग्रजींत रेंजफाइंडर म्हणतात त्या अंतरमापक कॅमेऱ्यांत आपण भिंगांतून पाहतच नाहीं. त्याच्या कपाळाशीं लहान खिडक्या असतात. भिंग फिरवितां फिरवितां एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा एकमेकींवर येऊन बसल्या, कीं अंतर साधलें असें समजावयाचें. लायका कॅमेऱ्यांत भिंगाच्या नळीची मागची कड आंतील एका इवल्याशा चाकास टेकलेली असते आणि तें चाक काय सांगेल त्यावर सर्व भिस्त. चाकानें खोटी साक्ष दिली तर तें फिल्म धुऊन झाल्यावरच कळावयाचें!

या जातीचीं दोन थोर घराणीं जर्मनींतलीं. वेट्झलार येथील लायका १९२५ सालीं बाजारांत आला. १९३० सालीं त्याचीं भिंगें बदलतां येऊं लागलीं खरीं, पण प्रत्येक भिंग एकेका कॅमेऱ्याशीं जुळवून दिलेलें असे; एकाचें दुसऱ्यास चालत नसे. पुढल्याच वर्षीं बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर २८.८ मिलिमीटर असें कायम ठरलें आणि ही अडचण संपली. १९३२ सालीं लायकास जोडीचा अंतरमापक मिळाला व त्याच वर्षीं ड्रेस्डेनच्या झाइस इकॉननें कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धी पुढें आणला. लायकाचें भिंग ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर बसे. कॉन्टॅक्सचें खांचेंत अडकवून फिरवावें लागे. शिवाय कॉन्टॅक्सच्या ५० मिलिमीटर भिंगास पुढें-मागें सरकविणारे आटे भिंगांत नसून कॅमेऱ्याच्या अंगांतच असत. म्हणजे तें भिंग आपल्या घराबाहेर पडलें कीं अगदींच पांगळें!

आमच्या थोरल्या काकांकडे असा एक कॉन्टॅक्स होता. घरांतील मुंजी, बारशीं, मंगळागौरी, सारें कांहीं त्यानें टिपलेलें. त्याच्या पडद्याच्या पट्ट्या ज्या रेशमी फितींवर चालत त्या पुढें तुटल्या आणि कॅमेरा कपाटांत गेला. परंतु भिंग मात्र स्वच्छ राहिलें. लुडविग बेर्टेले यानें रचिलेलें तें १.५ छिद्राचें झोनार, तीन गटांत सात कांचा बसविलेलें. काकांनीं नव्वदी ओलांडल्यावर एके दिवशीं सहज म्हटलें, “ती कांच तुझ्या लायकावर बसते का रे? एकदां तिच्यांतून कांहीं काढलेलें पाहावयाचें होतें.” काकांनीं कधीं कोणापाशीं कांहीं मागितल्याचें मला आठवत नाहीं, त्यामुळें या शब्दांचें वजन मला चांगलेंच कळलें.

ज्या लेथवाल्या मिस्त्रींकडे मी गेलों ते हातांत भिंग घेऊन म्हणाले, “साहेब, हें मागचें कडें कापूं द्या. अर्ध्या तासांत आटे पाडून देतों.” ते कुशल होते आणि त्यांचें म्हणणें खोटेंहि नव्हतें. पण कापलेलें पुन्हां जोडतां येत नाहीं. उद्यां कोणी जाणता दुरुस्तकार भेटला आणि तो कॉन्टॅक्स चालूं लागला, तर त्याचें भिंग त्यास परत मिळावयास नको काय? जोडकडें असें हवें कीं काढून ठेवितांच दोन्ही वस्तु पूर्ववत् व्हाव्या. मिस्त्रींनीं तें मान्य केलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉन्टॅक्सचीं यंत्रें व सांचे रशियनांनीं नेले आणि कीव्ह शहरांत त्याच बेताचा ‘कीव्ह’ कॅमेरा निघूं लागला. तसा एक बंद पडलेला कीव्ह मीं जुन्या बाजारांतून आणला व त्याची आट्यांसकट बैठक सोडवून घेतली. कॉन्टॅक्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर पस्तीस मिलिमीटरांहून किंचित् कमी. तेव्हां लायकाचे २८.८ वजा जातां पितळी कड्यास सुमारें सहा मिलिमीटर जागा मिळाली. कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्मच्या जागीं घांसलेली कांच धरावी, सिंहगडावरील दूरदर्शनचा मनोरा तीवर पाहावा, आणि तो रेखीव दिसेतों बैठकीखालीं कागदासारख्या पत्र्याच्या चकत्या घालाव्या किंवा काढाव्या, असें तें काम चाललें.

दूरचें साधलें, खरी मेख जवळच्यांत होती. लायकाचें चाक ५१.६ मिलिमीटर नाभ्यंतराच्या हिशेबानें चालतें, तर हें झोनार जवळजवळ ५२.४ चें. भिंगापासून एक मीटरवरील मनुष्य टिपावयाचा तर झोनार २.९० मिलिमीटर पुढें यावें लागतें, आणि चाकाची अपेक्षा २.८१ ची. फरक अवघा ०.०९! परंतु १.५ छिद्रास दोन्ही अंगांस सूट मिळते सुमारें ०.०४५ मिलिमीटर, म्हणजे चूक सुटीच्या दुप्पट. छिद्र ४ वर आणलें तर ती सूट ०.१२ होते व चूक झांकली जाते. पण छिद्र बारीक करून दोष लपवावयाचा, तर त्या भिंगाचा गुणहि त्याबरोबरच लपतो.

तेव्हां चाकास टेकणारी पितळी नळी सपाट न ठेवतां तिच्या कडेस उतरण दिली. अनंताच्या टोकाशीं ०.०९ मिलिमीटर घांसावयाचें आणि जवळच्या टोकाकडे येतां येतां तें शून्यावर आणावयाचें. मग भिंग २.९० पुढें गेलें तरी चाकास २.८१ च कळतें. कडेस निळी शाई फांसून, बारीक कानस फिरवून, दर चार घांसांनंतर मायक्रोमीटर लावून हें काम आठ संध्याकाळीं पुरें झालें. इतक्या संथपणें मीं आयुष्यांत दुसरें कांहीं केलें नसेल.

त्याच भिंगानें एक मीटरवरून काकांचें छायाचित्र घेतलें, पूर्ण छिद्रावर. कानामागें सारें धूसर आणि पापण्यांचा केस न् केस वेगळा. काकांनीं चष्मा पुसून तें बराच वेळ न्याहाळलें आणि म्हणाले, “कांच अजून तीच आहे.” स्वतःच्या चेहऱ्याविषयीं मात्र ते एक अक्षर बोलले नाहींत.

या उद्योगांत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र कारखान्यानेंच केलेली आहे. १९५४ सालीं लायकाच्या एम ३ या नव्या कॅमेऱ्यांत आटे जाऊन खांचेची बैठक आली, आणि फिल्मपर्यंतचें अंतर २८.८ चें २७.८ केलें गेलें. बरोबर एक मिलिमीटर कमी! त्या जागेंत एक पातळ कडें बसतें आणि त्यावर मागील तेवीस वर्षांतील जुनीं भिंगें बिनतक्रार चालतात. माझें कडेंहि जुन्या आट्यांचेंच असल्यामुळें त्या पातळ कड्यावरून माझ्या एम ३ वर बसतें. नवें करणाऱ्यानें जुन्यास एवढीशी जागा राखून ठेवली, म्हणूनच पुढल्यांस जोडणें शक्य झालें. जेथें ती राखलेली नसते तेथें मिस्त्रींच्या लेथवर बसून ती शोधून काढावी लागते. पण कापाकापीची घाई न केली तर ती बहुधा सांपडते, असा माझा अनुभव आहे. घरांतल्या माणसांनाहि हें लागू पडतें कीं नाहीं, तें वाचकांनींच ठरवावें.