न्हाण्याचा वार

सकाळी न्हाऊन बाहेर पडावं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत भांगाजवळचे केस टाळूला चप्प बसलेले असावेत, हे माझं शाळेच्या वरच्या वर्गांपासून चालू आहे. केस बारीक, सरळ आणि लांब. अशा केसांवरून मुळातलं तेल भराभर खाली उतरतं. कुरळ्या केसांत ते वळणावळणाला अडतं. माझ्या धाकट्या बहिणीचे केस कुरळे. एकाच आईच्या हातचं तेल, एकाच विहिरीचं पाणी, पण तिचे केस आठवडाभर फुललेले असत आणि मला मात्र कुणीही विचारी, "आज तेल चोपडलंस वाटतं?" तेलाचं बोटही लावलेलं नसायचं.

माहेर संगमेश्वरजवळ. आमच्याकडे डोक्यावरून न्हायचा वार म्हणजे रविवार. शनिवारी रात्री आजी शिकेकाईच्या शेंगा, फोडून बी काढलेले रिठे आणि आवळकाठी भिजत घाली. सकाळी ते चुलीवर उकळायचं, हाताने कुसकरायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. जास्वंदीची पानं पाट्यावर वाटून त्यांचा बुळबुळीत लगदा वेगळा ठेवलेला असे. मागच्या दारच्या न्हाणीत दगडावर बसवून ती एकेकीचं डोकं चोळी. शिकेकाईचं पाणी डोळ्यांत गेलं की नुसती आग होई, म्हणून आम्ही दोन्ही हातांनी डोळे दाबून धरायचो. न्हाऊन झालं की केस खरोखर सुटसुटीत होत. माझे मंगळवारपर्यंत. बुधवारी भांग तेलकट, गुरुवारी कपाळावरची बट ओली असल्यासारखी, आणि शुक्रवारी शाळेत दोन वेण्या घालून जायला नको वाटे.

मधेच एकदा न्हाऊ का, असं विचारलं की आजी म्हणे, "अगो, सारखं डोकं न्हायलं की तेल जास्तच सुटतं. टाळूला सवय लागते." शिवाय सोमवारी नाही, शनिवारी नाही, पावसाळ्यात तर नाहीच नाही. आज मला तिच्या नियमामागची सोय दिसते. पाणी विहिरीतून शेंदायचं, चुलीवर तापवायचं, कमरेएवढे केस आषाढात घराच्या आत वाळवायचे. पाच बायकांच्या घरात आठवड्यातून एकदा हाच हिशेब जमणारा होता. पण ती सोय पुढे शास्त्र म्हणून सांगितली गेली, आणि त्यात माझ्यासारखीची कुचंबणा झाली. एका शिक्षिकेने भर वर्गात मला "रोज आंघोळ करत जा" असं सुनावलं होतं. मी रोज आंघोळ करत होते. ते वाक्य मला अजून लागतं, कारण तेलकट केस म्हणजे अस्वच्छ मुलगी हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की त्यावर वाद घालायचं धाडस त्या वयात कुणाला होत नाही.

नोकरीसाठी पुण्याला आले आणि लग्नानंतर पुनावळ्यात घर घेतलं. पवनेचं पाणी सोसायटीला पुरत नाही. उरलेली गरज बोअर आणि टँकर भागवतात. त्यात स्कूटर, म्हणजे स्कार्फ आणि हेल्मेट. इथे माझ्या केसांचं वेगळंच झालं. मुळं तेलकट, शेंडे वाळल्या गवतासारखे आणि मधल्या लांबीवर एक चिकट थर. बोटं फिरवली की मेणाचा हात लागल्यासारखं वाटे. पार्लरमधल्या ताईंनी "केस उपाशी आहेत, रात्रभर गरम तेल ठेवा" असं सांगितलं. ते सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत कानांमागे आणि भांगात पिवळसर, ओलसर पापुद्रे धरू लागले. पांढरा भुरभुरीत कोंडा झटकला की पडतो. हा नखाने काढावा लागे, आणि खाज अशी की मीटिंगमध्ये हात डोक्याकडे जाऊ नये म्हणून मी पेन घट्ट धरून बसे.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी काही लिहून दिलं नाही. फणीच्या टोकाने भांग पाडला, दिवा असलेलं भिंग टाळूवर टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर मला माझंच डोकं दाखवलं. प्रत्येक केस जिथून उगवतो तिथे पिवळट तेलाचं तळं आणि त्यात रुतलेले पापुद्रे. "किती दिवसांनी न्हाता?" त्यांनी विचारलं. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, मी म्हणाले. "का?" या प्रश्नाला माझ्याकडे आजीच्या वाक्यापलीकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी जे समजावलं ते मला कुणीतरी तेराव्या वर्षी सांगायला हवं होतं. केसाच्या मुळाशी तेलाची एक बारीक ग्रंथी असते. तिच्यातून झिरपणाऱ्या तेलाला सीबम म्हणतात. किती सीबम तयार करायचं हे ठरतं ते आतून: आनुवंशिकतेने आणि अँड्रोजेन या संप्रेरकांनी. ती बाईच्या शरीरातही असतात. म्हणून वयात येताना डोकं आणि चेहरा तेलकट होतो आणि बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर तेल कमी होत जातं. वरचं तेल धुतलं गेलं की राहिलं, याची खबर ग्रंथीला पोचत नाही. तुम्ही रोज न्हालात म्हणून ती जास्त काम करत नाही आणि महिनाभर न्हाला नाहीत म्हणून ती दमतही नाही. 'केसांना कमी धुण्याची सवय लावा' हा सल्ला आता नव्या वेष्टनात पुन्हा फिरतो आहे, पण त्याचा पाया तोच जुना गैरसमज आहे. हा समज टिकला कशामुळे, यावर मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, उग्र साबणाने धुतल्यावर टाळू इतकी कोरडी, ताठ वाटते की चार तासांनी आलेलं नेहमीचंच तेल डोळ्यांवर येतं.

दुसरी गोष्ट मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीची. ती निरोगी माणसाच्या टाळूवरही असतेच. तिचं अन्न म्हणजे चरबी. सीबम फोडून ती जी मेदाम्लं मागे ठेवते, त्यांची ज्याला चुणचुण होते त्याच्या टाळूवर दाह होतो, कातडी भराभर सुटते, खाज येते. अशा डोक्यावर रात्रभर तेल मुरवणं म्हणजे तिला जेवण वाढणं. मला २ टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू मिळाला, आठवड्यातून दोनदा, फेस टाळूवर पाचेक मिनिटं ठेवून धुवायचा. त्या पाच मिनिटांना फार महत्त्व आहे. लावला की लगेच धुतला तर औषध काम करणार कधी? हा शाम्पू कुणीही मनाने आणून वर्षानुवर्षं वापरू नये, आधी डॉक्टरांना टाळू दाखवावी. माझे पापुद्रे महिन्याभरात गेले. तेल गेलं नाही, कारण ते जायचं नव्हतंच. त्याच्याबरोबर राहायची रीत बसवायची होती.

ती रीत अशी बसली. दिवसाआड न्हायचं, वैशाखात आणि दमट पावसाळ्यात रोज. त्यासाठी सौम्य, साधा शाम्पू. तो मगात पाण्यात कालवून घ्यायचा म्हणजे एकाच जागी ओतला जात नाही. तेलकट डोक्यावर पहिल्यांदा फेस येतच नाही, म्हणून पुष्कळ जणी आणखी शाम्पू ओततात. तसं न करता थोड्याशा शाम्पूने एकदा तेल सोडवायचं, धुवायचं आणि मग पुन्हा तेवढाच घ्यायचा. दुसऱ्या वेळी फेस आपोआप भरभरून येतो. चोळायची ती टाळू, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. कानांच्या मागची आणि मानेवरची जागा बहुतेकींची राहून जाते आणि पापुद्रे नेमके तिथेच धरतात. केसांची लांबी वेगळी चोळायची गरज नसते, वाहत्या फेसाने ती स्वच्छ होते. कंडिशनर कानांच्या खाली, शेंड्यांना. टाळूला लावला तर न्हाऊन बाहेर येतानाच केस चपटे दिसतात. पाणी कोमट.

आणि फणी. स्वच्छ न्हायलेल्या केसांतून आठवड्याच्या मळाची फणी फिरवली की निम्मं न्हाणं वाया. फणी, उशीचा अभ्रा, स्कार्फ आणि हेल्मेटच्या आतलं निघणारं अस्तर हे सगळं माझ्याकडे शनिवारी एकत्र धुतलं जातं. हेल्मेटखाली सुती पातळ टोपी घालते. घाम तिच्यात जिरतो. कधी सकाळी न्हायला वेळच नसला तर ड्राय शाम्पूचा फवारा मारते. त्यातला स्टार्च तेल शोषून घेतो, केस दिवसभर बरे दिसतात, पण टाळू धुतली जात नाही. त्यावर लागोपाठ दिवस काढू नयेत.

तरी तो मधला चिकट थर जाईना. त्याचं मूळ पाण्यात निघालं. आमच्या कोकणातल्या विहिरी जांभ्या दगडातल्या, पाणी मऊ. डाळही पटकन शिजते. इथे बोअर काळ्या कातळात, पाणी जड. सोसायटीने पाणी तपासून घेतलं तेव्हा कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर आला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो चिकट पट्टा धरतो तोच केसांवर बसतो आणि आपण त्याला तेल समजतो. घरी बघायचं असेल तर बाटलीत थोडं पाणी आणि साबणाचा कीस घालून जोरात हलवा. मऊ पाण्यात फेस होतो, जड पाण्यात दह्यासारखा चोथा. म्हणून जड पाण्याच्या घरात केसांना वडी लावूच नये, मग ती शिकेकाईच्या नावाची का असेना. वडी म्हणजे साबणच. तो आम्लारी असतो आणि टाळू किंचित आम्लधर्मी. शाम्पूतल्या डिटर्जंटचा असा साका होत नाही. वेष्टनावरच्या घटकांत डायसोडियम ईडीटीए दिसलं तर ते या क्षारांना धरून ठेवायलाच घातलेलं असतं. मी शेवटचे दोन तांबे पवनेच्या नळाच्या पाण्याचे घेते. त्यासाठी एक बादली आधीच भरून ठेवते. चिकटपणा गेला तो या बादलीने, महागड्या बाटलीने नाही.

आता तेलाबद्दल, कारण मराठी घरात हा भावनेचा विषय आहे. मी तेल सोडलेलं नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची त्यात तुलना होती. केसांतल्या प्रथिनांची झीज तिन्हींपैकी खोबरेलानेच कमी केली. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं हे त्याचं कारण. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते हे वाचताना लक्षात ठेवायला हवं, पण माझ्या शेंड्यांचा अनुभव त्याच बाजूचा आहे. मात्र हा गुण केसाच्या लांबीला आहे. तेलकट टाळूला बाहेरून तेल पाजायची गरज नसते, ते काम तिच्या ग्रंथी रात्रंदिवस करत असतात. न्हायच्या तासभर आधी मी मानेखालच्या केसांना खोबरेल लावते आणि मग धुते. आईला हे अजून पटत नाही. माहेरी गेले की तेलाची वाटी तयारच असते आणि तिच्या हाताखाली मी डोकं देते, कारण त्या मालिशचं सुख वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र न्हाते.

न्हाण्याने केस गळतात ही भीतीही काढून टाका. दिवसाला पन्नास ते शंभर केस प्रत्येकाचे जातातच. आठवडाभर न न्हालेल्या डोक्यात ते गुंत्यात अडकून राहतात आणि रविवारी एकदम मोरीच्या जाळीवर जमा होतात. दिवसाआड न्हायला लागल्यावर माझ्या जाळीवरचा गुंता दिसण्यासारखा लहान झाला.

सगळ्यांनी दिवसाआडच न्हावं असं मी म्हणणार नाही. कुरळ्या, जाड, कोरड्या केसांना ते जाचेल. माझ्या बहिणीला आठवड्यातून एकदा पुरतं. दुपारी आरशात भांग बघावा, बोट फिरवून बघावं, खाज आहे का ते पाहावं आणि आपला वार आपण ठरवावा. पण तेल एकाएकी वाढलं, जोडीला पाळी अनियमित झाली, हनुवटीवर केस किंवा खूप मुरुमं आली, तर शाम्पू बदलत बसू नका. ते पीसीओएससारख्या संप्रेरकांच्या तक्रारीचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांकडे जा.

माझं सांगणं आयांना आहे, मावश्यांना आणि शाळेतल्या बाईंनाही. वयात येणाऱ्या मुलीचं डोकं तेलकट दिसतं यात तिचा आळस नाही, तिच्या ग्रंथी नुकत्या जाग्या झाल्या आहेत. चारचौघांत तिच्या केसांवर बोलू नका. तिला एक सौम्य शाम्पू आणून द्या, पाणी तापवून द्या आणि ती बुधवारी न्हाते म्हणाली तर तिला बुधवारी न्हाऊ द्या.